कार्ल्याचं चैत्यगृह नेमकं कधीचं? एका तारखेत उत्तर का देता येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्ल्याची लेणी पाहून आलेल्या एका वाचकाला तिथल्या चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठी कोरलेल्या सभागृहाच्या, तीन तारखा मिळाल्या: कुठे इ. स. पूर्व पहिलं शतक, कुठे इ. स. पहिलं शतक, तर एका पुस्तकात इ. स. १२०च्या आसपास. त्यातली खरी कोणती? शिवाय आणखी तीन शंका आहेत. अख्खं छत दगडात कोरलेलं असताना त्याला लाकडी कमानी कशासाठी? दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती दिसतात, मग याला ‘हीनयान लेणं’, म्हणजे बुद्धमूर्ती न पुजणाऱ्या जुन्या बौद्धांचं लेणं, का म्हणतात? आणि पुन्हा जायचं ठरवलं तर काय, कोणत्या क्रमाने बघावं?

चारही शंकांचं मूळ मला एकच दिसतं. आपण चैत्यगृहाकडे इमारत म्हणून बघतो. इमारत कुणीतरी एकाने बांधलेली असते, तिचा पाया घातल्याचं आणि ती पुरी झाल्याचं साल असतं, तिचे खांब वजन पेलतात. कार्ल्याला यातलं काहीच लागू होत नाही. ते बांधलेलंच नाही, कोरून मोकळं केलेलं आहे, आणि त्याचा खर्च अनेकांनी अनेक टप्प्यांत केला. म्हणून आधी ते कसं झालं असेल ते पाहू, तारखा त्यानंतर.

सह्याद्रीतला बेसाल्ट लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. थर साधारण आडवे, काही घट्ट, काही पोकळ्यांनी भरलेले, तर काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबूस, ठिसूळ मातकट पट्टा. लेण्याची जागा निवडताना जाड आणि एकसंध थर मिळणं ही पहिली अट. छत जर ठिसूळ थरात आलं तर काम संपायच्या आधीच कपचे निखळू लागतात. आणि खडकातली उभी भेग छताला छेदत असेल तर पावसाळ्यात पाणी नेमकं तिथूनच झिरपतं. दोन हजार वर्षांनंतरही बहुतेक लेण्यांची दुखणी हीच आहेत.

थर ठरला की डोंगराचा उतार उभा तासून सपाट दर्शनी भिंत काढायची. मग काम वरून खाली. आधी वरचा भाग पोखरून छताची कमान साधायची, मग पायाखालचा खडक उतरवत उतरवत जमिनीपर्यंत यायचं. यात परांच्या बांधाव्या लागत नाहीत, कारण पाथरवट न खोदलेल्या खडकावरच उभा असतो. खांब आणि स्तूप यांच्यासाठी खडकाचे ठोकळे राखून ठेवायचे आणि घडण मागाहून करायची. ही पद्धत डोळ्यांनी बघायची असेल तर अपुरी राहिलेली लेणी गाठा. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं आणि कान्हेरीचं पहिल्या क्रमांकाचं लेणं यासाठी उत्तम. कुठे खांब नुसते चौकोनी ठोकळे आहेत, कुठे टाकीचे घाव जसेच्या तसे आहेत. पूर्ण झालेल्या लेण्यात हे सगळं घासून पुसलेलं असतं.

याचा परिणाम असा की छत सगळ्यात जुनं आणि जमीन सगळ्यात नवी. चूक दुरुस्त करायला वाव नाही, फुटलेला खांब परत उभा करता येत नाही. कामाचा आवाकाही लक्षात घ्या. कार्ल्याचं चैत्यगृह दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे ३८ मीटर लांब (१२४ फूट), सुमारे १४ मीटर रुंद आणि जवळपास तितकंच उंच आहे. कमानीचा आकार, खांब आणि स्तूप वजा करून आडाखा बांधला तरी पाच हजार घनमीटरच्या आसपास खडक बाहेर काढला असणार. बेसाल्टचा एक घनमीटर पावणेतीन ते तीन टनांचा, म्हणजे चौदा-पंधरा हजार टन दगड, तोही छिन्नी-हातोड्याने. असं काम एका वर्षात आणि एका थैलीतून होत नाही.

आता लाकूड. कार्ल्याच्या छताला लागून ज्या अर्धगोल फासळ्या दिसतात त्या लाकडाच्या आहेत आणि बहुतांश मूळच्याच मानल्या जातात. उन्हा-पावसापासून आडोसा असलेलं सागवान इतकं टिकतं, हे ऐकून पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. या फासळ्या छताचं वजन पेलत नाहीत. त्या उद्या काढल्या तरी छत तसंच राहील. खांबांचंही तेच. डोंगर स्वतःला पेलतो, खांबांमुळे जागेचे तीन भाग होतात इतकंच: मधलं दालन आणि दोन्ही बाजूंच्या अरुंद वाटा, ज्या स्तूपामागे एकमेकींना मिळतात आणि प्रदक्षिणेचा मार्ग तयार होतो. खांब नसलेलं चैत्यगृह काही खाली येणार नाही, फक्त त्यात प्रदक्षिणेची वाट वेगळी कळणार नाही.

मग हा खटाटोप कशाला? कारण त्या काळी चैत्यगृह म्हणजे लाकडी खांबांचं, गोलाकार छपराचं, एका टोकाला अर्धवर्तुळाकार असलेलं सभागृह. खरी लाकडी चैत्यगृहं काळाच्या ओघात गेली, त्यांचं रूप खडकात उरलं. भाजे याचा सर्वात चांगला पुरावा. ते कार्ल्याच्या समोरच, इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे आहे आणि साधारणपणे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातलं मानलं जातं. तिथले २७ अष्टकोनी खांब पूर्ण साधे आहेत, ना खाली बैठक ना वर शीर्ष, आणि ते सरळ उभे नाहीत. ते आतल्या बाजूला स्पष्ट कललेले आहेत. लाकडी इमारतीत याला अर्थ आहे: गोल छपराचा रेटा बाहेरच्या बाजूला येतो, तो अडवायला खांब आत कलते रोवायचे. दगडात असा रेटाच नाही, तरी कल आला, कारण कारागिराच्या डोळ्यासमोर लाकडी नमुना होता. भाज्याची दर्शनी भिंत तर सरळ लाकडाचीच होती. ती गेली आणि खडकात तिच्या खाचा उरल्या, म्हणून आज ते लेणं समोरून उघडं दिसतं. तिथल्या लाकडी तुळयांवर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत, त्यामुळे हे लाकूड कुणी अलीकडे बसवलं असेल ही शंका भाज्यापुरती तरी मिटते.

कार्ल्यापर्यंत येताना बरंच बदललं. खांब सरळ झाले, दर्शनी भिंत दगडात आली. तरी छताच्या फासळ्या, समोरच्या मोठ्या कमानीतली काही जोडणी आणि स्तूपावरची छत्री लाकडाचीच राहिली. त्या छत्रीच्या खालच्या अंगाला नक्षी आहे, ती बघायची विसरू नका. पुढे अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांत किंवा वेरूळच्या १० क्रमांकाच्या, ज्याला विश्वकर्मा म्हणतात त्या लेण्यात, फासळ्याही दगडातच कोरल्या आहेत. मधली पायरी अजिंठ्याच्या १० क्रमांकात सापडते: बाजूच्या वाटांवर दगडी फासळ्या, मधल्या दालनावर लाकडी. एखाद्या चैत्यगृहाचा काळ अंदाजाने सांगायचा असेल तर मी सर्वांत आधी या तीन गोष्टी बघतो: खांबांचा कल, दर्शनी भिंतीत दगड किती आणि लाकूड किती, फासळ्या कशाच्या. याने साल मिळत नाही, पण कोणतं आधी आणि कोणतं नंतर हे बऱ्यापैकी कळतं.

एक खबरदारी. लाकूड दिसत नाही म्हणजे लाकूड नव्हतं असं समजू नये. बेडशाच्या चैत्यगृहात आज फासळ्या नाहीत, पण त्या एकोणिसाव्या शतकापर्यंत होत्या आणि नंतर काढल्या गेल्या. म्हणून छतावरच्या खुणा शोधायच्या.

आता तारखांकडे. कार्ल्याचा मोठा फायदा म्हणजे तिथले शिलालेख. या जागेचं त्या लेखांतलं नाव वलूरक. व्हरांड्यातला एक लेख सांगतो की वैजयंतीहून आलेल्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे धनाढ्य व्यापाऱ्याने, हे शैलगृह पूर्णत्वाला नेलं, आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. (स्वतःच्या कामाची जाहिरात करण्याची हौस जुनीच म्हणायची, पण इथे त्याने फारशी अतिशयोक्ती केलेली नाही.) अनेक पाट्यांवर आणि माहितीपत्रकांत एवढाच लेख घेऊन ‘भूतपाल श्रेष्ठीने लेणं खोदवलं’ असं लिहितात. घोटाळ्याची सुरुवात इथून होते.

कारण बाकीचे लेख वेगळं सांगतात. बाहेरचा सोळा पैलूंचा, वर चार सिंह असलेला स्तंभ महारठी गोतीपुत्र अग्निमित्रणकाचं दान आहे. व्हरांड्याच्या बाजूच्या भिंतीतले हत्ती आणि त्यांच्या वरच्या-खालच्या वेदिकापट्ट्या (कठड्यासारख्या नक्षीच्या पट्ट्या) स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, इंद्रदेवाने दिल्या. एक दार धेनुकाकट या गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं. त्याच धेनुकाकटाच्या, वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराचं नाव दाराच्या कामाशी जोडलेलं आहे. दगडी दारावर सुताराचं नाव, हा लाकडी परंपरेचा याहून बोलका पुरावा कुठला हवा? आतले खांब वेगवेगळ्या माणसांचे: धेनुकाकटाचे यवन (ग्रीक किंवा परदेशी), सोपाऱ्याहून आलेला धम्मुत्तरीय या बौद्ध पंथाचा सातिमित नावाचा भाणक, म्हणजे धर्मग्रंथ म्हणून दाखवणारा भिक्षू. सातिमिताचा खांब तर ‘सशरीर’, म्हणजे त्यात अवशेष ठेवलेले, असा लेखात उल्लेख आहे. एकेका खांबाचा दाता वेगळा असेल तर काम वर्गणीने, जसजसा पैसा येईल तसतसं, वर्षानुवर्षं चाललं असणार. भूतपालाचा लेख ‘पूर्ण केलं’ म्हणतो, ‘सुरू केलं’ म्हणत नाही. तो शेवटचा मोठा दाता असावा असं मला वाटतं. काही अभ्यासक त्याला मुख्य दाता मानतात.

मग साल कुठून येतं? दर्शनी भागावर उषवदाताचा लेख आहे. हा नहपानाचा जावई, आणि नहपान हा क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे पश्चिम भारतातला शक सत्ताधीश. त्याने वलूरकातल्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिलं. पुढे सातवाहनांचं राज्य परत आल्यावर हेच गाव भिक्षूंकडे राहावं असा आदेश मामाडच्या, म्हणजे आजच्या मावळच्या, अमात्याला गेला. तोही लेख इथेच आहे. म्हणजे नहपानाच्या वेळी भिक्षू इथे नांदत होते आणि लेख कोरण्याजोगी दर्शनी भिंत तयार होती. चैत्यगृहाचा दर्शनी भाग त्याच्या आधीचा किंवा त्याच सुमाराचा.

आता प्रश्न नहपान कधीचा. त्याच्या काळच्या लेखांत ४१ ते ४६ अशी वर्षं येतात, ४६ हे जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या अमात्य अयमाच्या लेखातलं. ही वर्षं शक संवताची धरली तर त्यात ७८ मिळवायचे, आणि येतात इ. स. ११९ ते १२४. ती शक संवताची नसून नहपानाच्या स्वतःच्या राज्यवर्षांची किंवा दुसऱ्या एखाद्या गणनेची धरली तर तो पहिल्या शतकात जातो. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला, त्याची नाणी स्वतःच्या छापाने पुन्हा ठोकली. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांत नऊ हजारांहून जास्त अशी आहेत. त्यामुळे दोघे एकमेकांच्या मागे-पुढे लगतच होते हे पक्कं, पण ही जोडीच्या जोडी पन्नासेक वर्षं पुढे-मागे सरकते, आणि तिच्याबरोबर कार्लेही सरकतं. इ. स. १२० म्हणणाऱ्याने शक संवत धरलेला असतो, पहिलं शतक म्हणणाऱ्याने दुसरा हिशोब. इ. स. पूर्व पहिलं शतक हा मुख्यतः जुन्या अभ्यासकांचा अंदाज, शैली आणि अक्षरवळण यांवर बेतलेला. अक्षरवळणावरून काळ सांगताना अर्धं शतक इकडे-तिकडे होणं साहजिक आहे, त्यामुळे ‘अमुक साली’ असं छातीठोक सांगणाऱ्याकडे जरा सावधपणे बघा.

मी स्वतः काय सांगतो? चैत्यगृहाचं मुख्य काम इ. स. पहिल्या शतकातलं, नहपानाच्या काळापर्यंत ते वापरात. शेजारचे विहार (भिक्षूंच्या राहण्याची लेणी) त्यानंतरही वाढत गेले: सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४व्या राज्यवर्षी सेतफरणाचा मुलगा हरफरण याने नऊ खोल्यांचा मंडप महासांघिक या बौद्ध पंथाला दिल्याचा लेख आहे. ‘कार्ले लेणी’ आणि ‘कार्ल्याचं चैत्यगृह’ यांची तारीख एकच धरू नये ती याचसाठी.

इथेच ‘हीनयान’ शब्दाचीही अडचण कळते. महासांघिक आणि धम्मुत्तरीय ही दोन नावं लेखांत स्पष्ट आहेत, आणि ती एकाच पेटीत बसत नाहीत. ‘हीनयान’ हे नंतरच्या विरोधकांनी चिकटवलेलं लेबल. म्हणून मी ‘मूर्ती येण्याआधीचा टप्पा’ असंच म्हणतो. त्या टप्प्यात पूजेचं केंद्र स्तूप. कार्ल्याचा स्तूप मुद्दाम साधा आहे: दोन थरांचं गोल जोतं, काठाला वेदिकेची पट्टी, वर अर्धगोल अंड (घुमट), त्यावर हर्मिका (चौकोनी कठडा) आणि छत्री. वेरूळच्या १० क्रमांकात याच स्तूपाच्या पुढ्यात पाय खाली सोडून बसलेला मोठा बुद्ध आहे. या दोन स्तूपांच्या मध्ये पाचेकशे वर्षांचा आणि श्रद्धेतल्या मोठ्या बदलाचा काळ गेला आहे.

तर कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती मागाहून, साधारण पाचव्या-सहाव्या शतकात कोरलेल्या आहेत. ओळखायच्या कशा? दारांच्या बाजूंना मोठी स्त्री-पुरुष युगुलं दिसतील. जाड दागिने, भक्कम बांधा, पुरुषांना पागोटी, आणि मूर्ती भिंतीपासून पुढे उठलेल्या. ही मूळची. बुद्धाचे पट लहान, आणि ते भिंतीच्या मूळ पातळीपेक्षा आत खोदलेले, कारण जिथे आधीच वेदिकेची नक्षी किंवा मोकळी भिंत होती तिथेच जागा करून घ्यायची होती. वेदिकेची पट्टी मध्येच तुटून पट सुरू झाला की समजावं, हे नंतरचं. काठ नीट बघा, चेहरे नंतर.

आतल्या ३७ खांबांतही फरक आहे. दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा खांब पायऱ्यांच्या बैठकीवर घट, अष्टकोनी दांडा, उलट्या कमळाचं शीर्ष आणि त्यावर स्वारांसह बसलेले प्राणी अशा घडणीचे. दालनाकडच्या बाजूला गुडघे टेकलेले हत्ती, मागे अंधारातल्या वाटेकडे घोडे आणि इतर प्राणी. स्तूपामागचे सात मात्र भाज्यासारखे साधे अष्टकोनी. दाराच्या आत सज्जाखाली असलेले चार आणखी वेगळे. स्तूपामागे अंधार असतो, तिथे नक्षीचा खर्च कोण करणार, हा मला पटणारा खुलासा. जुन्या साध्या पद्धतीची आठवण म्हणून ते तसेच ठेवले असंही काहीजण म्हणतात.

इथवरचं पक्कं धरा: वरून खाली खोदकाम, लाकडी नमुना, अनेक दाते, आणि नंतरच्या मूर्तींची भर. हे डोक्यात असलं की जागेवर बघणं सोपं जातं.

क्रमाबद्दल. एका दिवसात जमत असेल तर सकाळी भाजे आणि दुपारनंतर कार्ले. दोन कारणं. भाज्याचे कललेले खांब आधी डोळ्यात बसले तर कार्ल्यातला फरक न सांगता कळतो. आणि कार्ल्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपारनंतरचा उजेड समोरच्या मोठ्या कमानीतून आत उतरतो आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला स्तूप उजळतो. सकाळी हाच स्तूप काळोखात असतो. लोणावळा किंवा मळवली स्टेशनवरून दोन्ही जागा गाठता येतात. कार्ल्याच्या अंगणात एकवीरेचं देऊळ आहे, कोळी-आगरी समाजाचं मोठं श्रद्धास्थान. चैत्रातली जत्रा, नवरात्र, रविवार या दिवशी रांगेतून लेण्यापर्यंत पोचण्यातच वेळ जातो, तेव्हा लेणंच बघायचं असेल तर आडवार निवडा. देऊळ जिथे आहे तिथे सिंहस्तंभाचा जोडीदार असावा असं मानतात, म्हणून डावीकडच्या स्तंभासमोर थोडं थांबून उजवीकडची रिकामी बाजू मनात भरून बघा.

वेळ उरला तर बेडसे दुसऱ्या दिवशी. तिथल्या व्हरांड्यातले उंच खांब आणि त्यांच्या शीर्षावरचे प्राणी-स्वार म्हणजे कार्ल्याच्या आतल्या खांबांची आधीची आवृत्ती. आतले खांब मात्र अजून साधेच. भाजे, बेडसे, कार्ले असा क्रम लावला की नक्षी आधी बाहेरच्या खांबांवर आली आणि मग आत शिरली हे दिसतं.

सोबत काय न्यावं? साधी टॉर्च, पण शिलालेखावर ती समोरून मारू नका. भिंतीला चिकटवून, बाजूने तिरपी धरा. खोदलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात आणि पुसट ब्राह्मीही वाचता येते. फोटोही तसेच काढा, तीन-चार दिशांनी, कारण एका सावलीत जी रेघ दिसते ती दुसरीत नाहीशी होते आणि भेग कोणती व अक्षर कोणतं ते तेव्हाच उलगडतं. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पावडर किंवा पाणी लावण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो टाळा. खडू पोकळ्यांत अडकून बसतो, पुसताना कडा झिजतात, आणि पुढच्या वाचणाऱ्याला खडूची रेघ आणि मूळ रेघ यात फरक करता येत नाही. लाकडी फासळ्यांचे तपशील खालून दिसत नाहीत, त्यासाठी छोटी दुर्बीण न्या. मागच्या अंधाऱ्या वाटेत चालताना जमीन खाली-वर आहे, नजर छतावर ठेवून पावलं टाकू नका.

वाचकाने विचारलेल्या तीन तारखांपैकी पुस्तकातली इ. स. १२०ची कुणाची आहे ते कळलं तर त्यावर नेमकं बोलता येईल. त्या लेखकाने नहपानाची वर्षं कोणत्या संवतात धरली आहेत, ते तळटीप काढून बघा. बहुतेक वेळा सगळा फरक तिथेच असतो.